गरम झाल्यावर

मोडकाघरच्या अलीकडे, रोज त्याच वळणावर
पिवळा दिवा लागतो:
एक छोटी गाडी, तिच्यामागे दोन नागमोडी रेघा.
शृंगारतळीहून निघताना नसतो.
वीस मिनिटांनी असतो.

चिपळूणच्या शोरूममध्ये वायर जोडली,
पडद्यावर नाव आलं: ट्रॅक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह, सर्किट तुटलेलं.
टाय लावलेला मुलगा म्हणाला, अख्खं युनिट बदला,
बहात्तर हजार.
मी गुरांची डॉक्टर.
मोडक्या शिंगासाठी अख्खी म्हैस बदला
असं मी कुणाला सांगितलं असतं
तर पालशेतात मला कुणी पाणी विचारलं नसतं.

म्हणून लियाकत पेवेकर.
पत्र्याची शेड, मागे काजू, दारात सोडणांचा ढीग.
त्याने बॉनेट उघडलं नाही. आधी विचारलं,
चढाला होतं का उताराला? सकाळी का दुपारी?
मीही असंच विचारते,
रवंथ करते का, शेण कसं आहे, कालपासून की परवापासून.
माझे पेशंट बोलत नाहीत. मालक बोलतात,
आणि निम्मं लपवतात.
"पुळणीत घातलेली गाडी?"
"नाही," म्हटलं. मग म्हटलं,
"एकदा. वेळणेश्वरला."

पिना स्वच्छ निघाल्या, खारं चढलेलं नव्हतं.
जुनी गाडी, मेंदू वेगळा, व्हॉल्व्हचा ठोकळा वेगळा,
म्हणून मीटर थेट लागला.
चार पूर्णांक आठ ओहम.
"निरोगी हाय," तो म्हणाला
आणि न पटल्यासारखा तिथेच उभा राहिला.

मला हेदवीची एक गाय आठवली,
तिचा ताप दुपारी चढायचा
आणि मी जायचे सकाळी.
म्हटलं, "लियाकतभाई, थंड असताना तपासताय."

समोरच्या पार्लरातून त्याच्या वहिनीचा ड्रायर आला,
गुलाबी, एक केस अडकलेला.
भादव्याचं ऊन पत्र्यावर, वर हा वारा.
चार पूर्णांक आठ.
पाच.
पाच पूर्णांक तीन.
मग काहीच आवाज न होता आकडा गेला.
"बघा," तो कुजबुजला,
जणू मोठ्याने बोललं तर परत येईल.

नळ्या सोडल्या, ठोकळा टेबलावर घेतला,
झाकण ब्लेडने कापलं, नखाच्या वेगाने.
भिंगाखाली एका पिनेच्या गळ्याशी
केसाएवढी गोल चीर.
गार असली की मिटलेली.
थेंबभर कथील लागलं तिला,
आणि माझ्या चष्म्याची मदत,
कारण त्याचा घरी राहिला होता.

झाकणाचं सिलिकॉन सुकायला रात्र गेली.
सकाळी ब्रेकमधली हवा काढायची होती.
तो चाकाशी उकिडवा, मी सीटवर.
दाबा. धरा. सोडा.
दाबा. धरा.
गोठ्यात हे मी म्हणते, लोक ऐकतात.
मधेच मी विचारलं, हा व्हॉल्व्ह करतो तरी काय?
चाकाखालूनच आवाज आला,
"जे चाक फुकट गरगरतं ना, त्याला जरा धरून ठेवतो.
मंग ज्याच्याखाली जमीन हाय त्याला जोर मिळतो.
सोडा आता."

अठराशे रुपये झाले. ड्रायरला ब्रेक ऑइलचा वास राहिला
म्हणून वहिनी अजून बोलत नाही त्याच्याशी.

त्याच आठवड्यात रात्री अडीचला फोन, अडूरच्या वरच्या वाडीतून.
जांभ्याचा चढ, त्यावर शेवाळ,
डावं चाक सुटलं, गाडी तिरकी झाली,
आणि दिवा लागला.
मी लियाकतला शिवी दिली, तोंड भरून.
पण दिवा स्थिर नव्हता, लुकलुकत होता.
बोनेटखाली काहीतरी कुरकुरलं,
चाक कुणीतरी हाताने धरावं तसं थांबलं,
दुसरं चाक दगडाला लागलं
आणि आम्ही वर.
लुकलुकला तर काम चालू, नुसता जळला तर बिघाड.
गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात आहे हे.
मी ते कधी उघडलं नव्हतं.

गोठ्यात बल्ब होता, बाई रडत नव्हती, बरं वाटलं.
वासराचे मागचे पाय आधी आले होते.
मी बाह्या वर केल्या, गरम पाणी मागितलं.