तीन ओळींची पाटी

खानापुरात पाट्या रंगवायचं काम माझं.
हुकूम बदलला की निरोप येतो:
पास्कू, वरची ओळ खाली घे,
खालची वर. अक्षर मोठं कर.
एका बेकरीची पाटी मी पाचदा रंगवली;
पाव तेवढाच राहिला.

आज मिंगेल मास्तर जुनी फळी घेऊन आले,
गुड फ्रायडेच्या क्रुसासाठी.
पिलातानं तीन भाषांत लिहून घेतलं होतं म्हणाले,
इब्री, लॅटिन, ग्रीक.
आपण कानडी, मराठी, इंग्रजी घालू.
‘तिथं वर कुठली होती?’
मास्तर चष्मा पुसत राहिले.

भांडण तिथंही झालं, पण भाषेवरून नाही.
याजक म्हणाले, राजा लिहू नका,
स्वतःला राजा म्हणवतो, असं लिहा.
साहेबानं ऐकलं नाही.

मला दिसतो तो कुंचलेवाला.
रातोरात उठवलेला,
तिन्ही लिप्या येणारा म्हणून कुणाचाच नसलेला,
ओल्या रंगावर फुंकर मारत बसलेला.
मजुरी मिळाली असेल का त्याला?
की भर दुपारी अंधारून आलं तेव्हा
गर्दीत मागं उभं राहून
त्यानं आधी अक्षरंच तपासली,
काना सरळ आहे ना, रंग ओघळला नाही ना,
आणि मग
नजर वीतभर खाली घसरली?

फळी घासतोय.
पांढऱ्याखालून बाबांच्या हातचा र वर आलाय,
पोटात किंचित वाकलेला.
तो पुसवत नाही.
त्याला काना दिला, शेजारी जा काढला.

ही ओळ वरची की खालची
ते मास्तरांनी अजून सांगितलेलं नाही.