टिंबाच्या पुढचं

अठ्ठावीस वर्षं पत्रं वाटली मी,
मला विचाराल तर गावाचं नाव अर्धंच असतं.
आमच्याकडं पिंपरी सात.
पिंपरी खुर्द, पिंपरी बुद्रुक,
पिंपरी रेल्वे, जिथं गाडी थांबत नाही,
आणि पिंपरी रिठी, जिथं कुणी राहत नाही.
सातबाऱ्यावर आहे, नकाशात आहे,
माणूस तेवढा नाही.
बाकीच्या तीन माझ्या बीटात नव्हत्या.

मंगळवारचा बाजार उठला
तसे सगळे ग्रामपंचायतीच्या ओट्यावर जमले.
बेबीताई ढोक्यांच्या गटाची जवसाची चटणी
आता अमरावतीत खपते, सरगुंडे पुण्याला जातात,
म्हणून निकेतननं सेतूतला लॅपटॉप आणला होता.
'पालवी' लिहिलं, टिंब दिलं, कॉम लिहिलं.
घेतलेलं निघालं.
आत काय आहे?
पांढरं पान, वर चार शब्द :
हे नाव विकणे आहे.

"म्हन्जे नागपूरच्या आउटरवरचे प्लॉट," शब्बीरभाई म्हणाला,
"चुन्याच्या रेघा, चार खुट्या, अन् आत बकऱ्या."

निकेतन म्हणाला, कॉमच्या मागं कशाले लागता,
टिंबापुढं आता काहीही भेटते,
शॉप, स्टोअर, फूड,
अन् अजून नवे दरवाजे उघडून रायले.
तिकडं मोठाल्या हॉटेलात सभा भरतात यासाठी.
कोणी म्हणते जागा वाढली की सगळ्याले भेटन,
कोणी म्हणते गोंधळ वाढन,
अन् ज्याचं नाव चालते त्याले दरेक दरवाज्यावर
आपलंच नाव पुन्हा इकत घ्या लागन.
अख्खं शेपूटच आपलं पाहिजे असन
त दीड-दोन कोटी नुसत्या अर्जाचे.

बेबीताईनं हात पदराला पुसले.
"टिंब चटणी," ती म्हणाली.
"समजा कोन्या कंपनीनं हेच घेतलं पुरंच्या पुरं,
त मी माह्या चटणीले काय म्हनू?"
"चटणीच म्हना ना ताई. फक्त तिथं नाई म्हनता येनार."
"तिथं कुठं?"
त्यानं पडद्याकडं बोट केलं.
पडद्यावर एक चिलट फिरत होतं.

सरोदे मास्तर तंबाखू मळत होते.
म्हणाले, शाळेत मी शिकवलं टिंब आलं की वाक्य सरलं.
हे उलटंच. टिंबापासून भाव सुरू.

मी बोललो नाही.
मला नांदगाव पेठचे पाहुणे आठवले,
मुलगी पाहायला निघाले अन् पोचले नांदगाव खंडेश्वरला,
पोहे खाल्ले, चहा घेतला,
पसंत करून आले, भलतीच.
त्यांचा संसार चांगला चालला, हे वेगळं.

आणि एक कार्ड आठवलं, सत्त्याण्णव सालचं.
गंगाबाई, मुक्काम पिंपरी रिठी.
सायकल धुऱ्यावर टाकून पायी गेलो.
चिंच होती, बुजलेली विहीर होती,
आणि मारुतीच्या अंगावर शेंदूर.
ओला. त्याच सकाळचा.
हाका मारल्या. कावळे उडाले.
परत पाठवायच्या कार्डावर 'पत्ता अपुरा' लिहायचं असतं.
पण पत्ता पुरा होता,
गाव अपुरं होतं.
त्याचा शिक्का आमच्या टपालात नाही.
ते कार्ड अजून माझ्या पेटीत आहे, नियमाबाहेर.

"हे पाहा भेटून रायलं," निकेतन ओरडला,
"पालवी टिंब काहीतरी, एकशे एकोणपन्नास रुपये!"
"अन् दुसऱ्या वर्षी?"
त्यानं पान खाली सरकवलं, अजून खाली सरकवलं.
"दुसऱ्या वर्षी साडेतीन हजार."
शब्बीरभाई एवढा हसला की त्याला ठसका लागला.
तेवढ्यात लाइन गेली.
लॅपटॉपच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे निळे,
मग तोही गेला.

सकाळी पाकिटं पाहिली.
जाड मार्करनं, बेबीताईच्या हातचं :
पालवी महिला गट, पिंपरी बुद्रुक,
खाली फोन नंबर,
त्याखाली पुन्हा पालवी,
आणि एक टिंब, चांगलं हरभऱ्याएवढं.
पुढं दोन बोटं जागा सोडली आहे.
गुरुवारी गटाची मीटिंग असते.