हातचा

कौंटीच्या सभेचं इतिवृत्त मी लिहिते.
मंगळवार, सकाळचे दहा,
बाहेर ओहायोचा मका कापणीला आलेला.

बालसुधारगृहातली एक खाट :
रात्रीला तीनशे बारा डॉलर. मंजूर.
सायकल-दुरुस्तीचा वर्ग, मुलं नऊ :
पुढच्या वर्षी बघू.

बोलायला तीन मिनिटं मिळतात.
ट्रेव्हन उठला. न्यायाधीशांनी
खाटेऐवजी वर्गात धाडलेला,
नखांत वंगण.
म्हणाला, हत्यारांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते.
ती आता कुणाला देऊ?

कुणी हात पुढे केला नाही.
दोन मिनिटं चाळीस सेकंद
तशीच उरली.

बेरजा घालताना आई ओरडायची,
हातचा विसरलीस!

मी लिहिलं : चर्चा नाही.
किल्ली अजून
माझ्या कपाशेजारी आहे.