लाल होत नाही

लोखंड तापलं की सांगतं तरी.
हे ॲल्युमिनियम सांगत नाही.
भट्टीतून निघतं साडेचारशे अंशांवर
आणि दिसतं कसं, तर दाराशी ठेवलेल्या दुधाच्या कॅनसारखं,
गार, करडं, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
पहिल्याच आठवड्यात फाउस्तोनं मला मनगट धरून मागं ओढलं होतं:
"ओर्नेल्ला, याच्या चेहऱ्यावर जाऊ नकोस.
हा रागावला तरी लाल होत नाही."

त्याचा बाप गोळ्यावर धुण्याच्या साबणाची रेघ ओढायचा.
रेघ कॉफीच्या रंगावर आली की म्हणायचा, आत्ता.
आता पडद्यावर आकडा येतो.
साबणाची वडी प्रेसशेजारच्या फळीवर तशीच आहे,
भेगाळलेली. झाडणारेही तिला उचलून खाली झाडतात
आणि परत ठेवतात.

प्रेस खाली येताना मोठा आवाज होतो असं लोकांना वाटतं.
नाही होत.
आमच्या दरीतले सगळे घण माझ्या आजोबांच्या कानांत गेले,
आमच्या वाट्याला उरलेच नाहीत.
आठ हजार टन नुसते टेकतात,
आणि ओंडका पसरतो, परातीएवढा होतो,
कुठं तडकत नाही, कुरकुरत नाही.
मग रोलर त्याचा काठ ओढून ओढून पातळ करतात,
पुन्हा तापवून पाणी पाजतात,
आणि मंद भट्टीत रात्रभर मुरू देतात.
सकाळी तो कठीण झालेला असतो.
माणसांनाही बहुधा एक रात्र पुरते.

एकेचाळीस किलोचा ओंडका, साडेनऊ किलोचं चाक.
मधला सगळा कीस.
बाबाकार तो फावड्यानं ओढतो, गाडे भरभरून,
परत वितळायला पाठवतो,
तरी थोडा त्याच्याबरोबर घरी जातोच;
लेकीच्या वेण्या घालताना बायकोला सापडतो.

या खेपेची चार चाकं कुणा जर्मन गिऱ्हाइकाची.
दहा आरे, तुंब्यापाशी बारीक, काठाकडे रुंद,
आणि आतल्या अंगाला, जिथं फक्त ब्रेकची धूळ बघणार,
तिथं कोरायचं: इर्मगार्ड.
कोण ही, कागदावर नव्हतं.
जेवणाच्या सुट्टीत तर्क झाले. आई. बायको.
फाउस्तो म्हणाला, कुत्री.
मग आम्ही ते अक्षर जरा जास्तच जपलं.

शेवटी माझ्याकडे येतं.
आधी घायपाताच्या दोऱ्याचं चक्र, मग सुती, मग त्याहून मऊ.
जिल्हई चढत जाते तसतशी मी काळी होत जाते,
नाक, पापण्या, दातांच्या कडा.
दोन आऱ्यांच्या बेचक्यात कुठलंच यंत्र शिरत नाही,
तिथं बोटाला चिंधी गुंडाळायची.
एकतीस वर्षं तेच बोट.
नव्या ओळखपत्रासाठी नगरपालिकेत गेले,
काचेवर तर्जनी ठेवली, यंत्रानं घेतली नाही.
पुसून ठेवली, ओली करून ठेवली.
"बाई," क्लार्क म्हणाली, "तुम्ही उमटतच नाही."

रविवारी बहिणीकडे सालोला गेले होते.
तळ्याकाठच्या रस्त्यानं एक गाडी आली,
आवाजाच्याही आधी चाकांची झाक आली,
पण आरे कुठले दिसायला!
पळत्या चाकात नुसतं धुकं असतं,
माझे अकरा तास त्या धुक्यात.
झेब्रा क्रॉसिंगला ती थांबली
तेव्हा एकेक आरा जागेवर आला, दहाच्या दहा,
आणि काठाला, खालच्या बाजूला,
फुटपाथाला घासल्याची बोटभर जखम.

माझ्या तोंडून "अरेरे" गेलं.
मी वाकलेच. अंगठा ओठाला लावून
त्यावरून फिरवला, भर रस्त्यात,
पोराचा गुडघा फुटल्यावर फिरवतात तसा.
काच खाली झाली. तरुण मुलगा, कानात वायर.
"काय झालं, बाई?"

काही नाही, म्हटलं.
सिग्नल सुटला.
आरे आधी सावकाश फिरले,
मग मोजता येईनात.