आतली बाजू

नायट्रोजनच्या टाकीतून कुप्या काढतेय, दोन दिवस झाले.
निवृत्त होणाऱ्या माणसाला हीच कामं मिळतात:
कोणत्या ठेवायच्या, कोणत्या मारून टाकायच्या.
लेबलांवर माझंच अक्षर,
चौऱ्याण्णव सालचं, शाळेतल्यासारखं गोल,
पुढे दर वर्षी थोडं तिरकं, घाईचं.
मोराग वही धरून उभी.
ती नंबर वाचते, मी म्हणते ठेव, किंवा टाक.
बाहेर डंडीत साडेतीनलाच दिवे लागलेत,
टे नदीवरचा पूल अर्ध्यातच संपल्यासारखा.

काय करतेस गं तिकडे, आई फोनवर विचारायची.
अगं, बाईच्या छातीतल्या पेशी वाढवते.
आमसुलाच्या सारासारख्या गुलाबी पाण्यात.
ते पिवळं पडलं की बदलायचं.
रविवारीसुद्धा?
रविवारीसुद्धा.
आणि अंथरूण म्हणून एक जेली असते, तुपाच्या उलट,
बर्फात पातळ, उबेत थिजणारी.
म्हणजे सुइणीचंच काम की, आई म्हणायची,
आणि विषय भाच्याच्या मुंजीकडे जायचा.

त्या जेलीत एकटी सोडलेली पेशी
दहा-बारा दिवसांत गोल घर बांधते.
एका पेशीची भिंत, मध्ये पोकळी.
पोकळी आयती नसते.
मधल्या पेशींना टेकायला जमीन मिळत नाही,
त्या गुपचूप मरतात, जागा करून देतात.
दुधाला वाट नको का?
उरलेल्यांना आतली बाजू कुठली हे पक्कं ठाऊक.
आजार सुरू होतो तेव्हा गाठ नसते अजून,
फक्त मधल्या एकीला
मरायचं सुचत नाही.

जमीन सुटली तरी न मरणं:
हा माझा विषय.
हाच का निवडलास, लोक हसून विचारायचे,
माझ्या उच्चारांकडे बघत.
शिष्यवृत्ती याचीच होती, मी सांगायचे.

"एकसष्ट?" मोराग थांबते.
तिला माहीत आहे.
अकरा वर्षं जिला स्तनाची पेशी समजून जोजवलं
ती निघाली भलत्याच अवयवाची, कुणा पुरुषाची,
दुसऱ्या प्रयोगशाळेतून पाहुणी आलेली, चुकीच्या नावानं.
दोन शोधनिबंध मागे घेतले.
पत्र चार ओळींचं. लिहायला नऊ दिवस लागले.
कुणाला कळलंही नसतं, लॉरिमर सर म्हणाले.
त्यानंतर आम्ही एका टेबलावर जेवलो नाही.
टाक, म्हणते मी.
मग म्हणते, थांब. एक ठेव.

आर्ब्रोथच्या चर्चच्या सभागृहात
एकदा बोलायला नेलं होतं मला, आजारातून उठलेल्या बायकांपुढे.
चहा, लोण्याची बिस्किटं, थंडगार खुर्च्या.
पुढच्या रांगेत इझोबेल रॅट्रे,
तागाच्या गिरणीत उभा जन्म काढलेली,
मागांच्या आवाजानं कान गेलेले, ओठ वाचायची.
सावकाश बोल, म्हणाली, आणि तोंड इकडे कर.
औषध कुठलं काढलंस?
एकही नाही.
मग एवढ्या वर्षांत सापडलं तरी काय?
मी ओंजळ गोल करून दाखवली: एक पोकळी.
तिनं स्वेटरच्या सपाट बाजूवर हात ठेवला
आणि अशी हसली की बशा वाजल्या:
ती तर माझ्याकडेही आहे, बाई!
सगळ्याच हसल्या. मी सोडून. मग मीही.
निघताना कोट चढवत म्हणाली,
कापड आधी काठाला उसवतं.
तू काठ बघतेस ना? मग बघत राहा.

त्या रात्री परतीच्या गाडीत
मी काहीच लिहून घेतलं नाही. आता वाटतं, घ्यायला हवं होतं.

शेवटचा ट्रे. धुकं सांडतं बुटांवर,
मोरागचं पेन गारठून लिहीत नाही.
अठरा ठेवल्या.
सोमवारी नवी मुलगी येईल ग्लासगोहून.
तिला सांगायचं: जेली हातात धरून विचार करत बसू नकोस,
थिजते.
आणि रविवारी यावं लागतं.