जो येत नाही त्याचं नाव

निमिष देढियाचं ऑफिस मुलुंडला, झवेर रोडवर,
स्टेशनरीच्या दुकानावर, अकरा उंच पायऱ्या.
माझा गुडघा प्रत्येक पायरीला आधी विचार करतो.
पुष्पलता पुढे. ती धाकटी, अडुसष्टची.

तुर्कस्तान, नऊ रात्री दहा दिवस.
टूरवाली म्हणाली, विमा तुमचा तुम्ही बघा.
निमिषनं तीन कागद मांडले,
साडीवाला घड्या मोडतो तसे:
चांदी, सोनं, प्लॅटिनम.
आम्ही दोघी एकदम म्हणालो, चांदीच दाखव.

मधुमेह? आहे.
कधीपासून? बाबा गेले त्याच्या पुढच्या संक्रांतीपासून.
तो थांबला. मी साल सांगितलं.
त्यानं साल लिहिलं, संक्रांत नाही.
रक्तदाब? हिला. मला फक्त डॉक्टरांपुढे चढतो.
बलूनमध्ये बसणार?
"बसणारच," पुष्पा म्हणाली, "नाहीतर जायचं कशाला?"
बलून साहसात मोडतो, मावशी. चारशे वीस जास्त.

साहस.
छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
हिनं दुसऱ्यांची बोलणी जोडली,
एकदाही मध्ये बोलली नाही.
चारशे वीस तिनं मोजून ठेवले, सुट्टे.

मग बारीक अक्षरं. मी चष्मा बदलला.
बॅग हरवली तर इतके.
उशिरा आली तर इतके, पण बारा तासांनंतर.
दात दुखला तर, पण अचानक दुखला पाहिजे.
आणि खाली, दाताच्या लगेच खाली,
पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च.
"बॅगेपेक्षा पुष्कळ देतायत की," पुष्पा म्हणाली.
निमिष हसला नाही. चांगल्या घरचा मुलगा.
खाली झेरॉक्सचं मशीन कुणाची तरी मार्कशीट ओढत होतं.

"नॉमिनी?"
मी म्हटलं, ही. ती म्हणाली, ही.
त्यानं पेन ठेवलं, आवाज उतरवला.
"मावशी, एकाच विमानात ना दोघी?
इथे राहणारं कुणी तरी द्या."

इथे राहणारं कुणी तरी.
आम्ही पंख्याकडे बघितलं.
कुंड्यांना पाणी घालायला फर्नांडिस आहे,
तिच्याकडे किल्ली आहे, दुधाचे पैसे आहेत,
पण फॉर्मला नातं लागतं
आणि त्या चौकटींत शेजारीण नव्हती.

"भालचंद्र," पुष्पा म्हणाली, माझ्याकडे न बघता.
"लिही. भाऊ."

जन्मतारीख त्यानं विचारायच्या आत मी सांगितली.
चार ऑक्टोबर, साठ साल.
मी सहा वर्षांची, हिला मांडीवर घेऊन
ठाकूरद्वारच्या जिन्यात बसले होते,
आत सुईण होती.
त्याच खोलीच्या पागडीवरून
सतरा वर्षं आम्ही बोललो नाही.
लग्नपत्रिका आली पोस्टानं. नुसती.

मोबाइल नंबर?
तो नव्हता. घरचा होता, हिला पाठ.
तो अजून लागेल असं मला वाटलं नव्हतं.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं, माझा आवाज ओळखून.
"कुणी गेलं नाही रे. आम्ही जातोय. तुर्कस्तानला."
पलीकडे टीव्ही बंद झाला.
"विमा काढलात?"
काढतोय.
"मेडिकल कितीचं?"
पन्नास हजार डॉलर.
"कमी आहे. लाखाचं घ्या.
तिकडे हाड मोडलं तर काय खोली विकणार आहात?"

खोली हा शब्द त्याच्या तोंडून निघाला
आणि कुणीच काही बोललं नाही.
निमिष कॅलेंडर बघायला लागला.

"आधार नंबर सांग तुझा," पुष्पा म्हणाली,
तिच्या जुन्या, ड्यूटीवरच्या आवाजात.
रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज आला.
चपला. कपाट. ड्रॉवर अडकला, मग सुटला.
आत कुणाला तरी विचारत होता, माझं पाकीट कुठंय,
अगं, ताईचा फोन आहे,
ताईचा.

"मावशी, मग सोनं करू का?" निमिषनं हळूच विचारलं.
पुष्पानं हात वर केला.
थांब. तो लाइनवर येऊ दे.