डबा क्रमांक ३१७ : येणे बाकी

नागपूरहून साहेब आले, फीत घेऊन.
लांबी घेतली, रुंदी घेतली,
रस्त्यावरच्या तारांखालून निघेल का ती उंची घेतली.
मग माझ्या हातात यादी दिली :
मूळ डब्यात काय होतं,
आज काय आहे,
आणि तिसरा रकाना, येणे बाकी.

या डब्याचा मी फिटर, एकवीस वर्षं.
छोटी लाईन बंद झाली तेव्हापासून राखणदार.
कोसंबीच्या शाळेमागं एक घंटा, दोन कंदील आणि हा,
एवढ्यालाच आम्ही संग्रहालय म्हणत आलो.
पोरांच्या कॉप्या सापडायच्या त्या इथंच,
बाकांच्या फटीत.

येणे बाकी :
खिडक्यांच्या सागवानी झडपा, सात.
सामानाची जाळी, एक.
संडासाची पितळी कडी, एक.
तिसऱ्या वर्गाच्या बाकाची फळी, साडेसहा फुटी, एक.

शोधायचं काही नव्हतं.
कोणाच्या घरी डब्याचं काय आहे
हे ज्याला ठाऊक नाही तो फिटर कसला?
सायकल काढली.

झिबल मोटघरेच्या गोठ्याला तीन झडपा.
एकीतून शेळीनं तोंड बाहेर काढलेलं,
पुढचं स्टेशन कोणतं ते पाहत असल्यागत.
त्यानं मुकाट्यानं पाचर ठोकून सैल केली. म्हणाला,
"न्या जी. पण हिले तुम्हीच सांगा."

दोन ताराचंदच्या खुराड्यावर.
एक यसवंती निकुरेकडं, मिरची वाळवायला.
"फटीतून खालून हवा लागते ना बाप्पा,
अशी झडप आता कोनता सुतार करून देते?"
तरी दिली, पदरानं पुसून.
पुसून काय होतं?
तीन वर्षांची भिवापुरी मुरलेली लाकडात.
साहेबांनी 'स्थिती : चांगली' लिहिलं
ते चार शिंकांच्या मध्ये.

सातवी झडप वाळवीनं नेली. तशी नोंद केली.

जाळी निघाली तिच्याच चुलीवर टांगलेली, आत दोन कोहळे.
कोहळे तिनं माझ्या सायकलला बांधले.

राहिली फळी.
ती देवाजी गेडामच्या पडवीत उभी असते, भिंतीला टेकून.
गावात कोणी गेलं की निघते.
तिच्यावर आंघोळ घालतात,
मग धुऊन, उन्हात वाळवून, परत भिंतीला.
कोणत्या जातीचं घर, तिनं कधी विचारलं नाही.
डब्यातही विचारत नव्हती.
'पाच जणांकरिता' ही पिवळी अक्षरं
अजून वाचता येतात.
एकेक जण निजतो.

गेल्या पौषात माझी मंडळी निजली होती.
फिटरची बायको, फुकटचा पास,
आणि उभ्या जन्मात दोनदा गाडीत बसली.

देवाजीनं फळीकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं.
"चहा घेता का?"
घेतला. त्यात साखर जास्त होती.
फळीबद्दल दोघंही बोललो नाही.
परत येऊन यादीत लिहिलं : गहाळ.
सही केली. पेन्शनच्या कागदावर करतो तीच.

शनिवारी ट्रेलर आला, बत्तीस चाकांचा.
डबा चढला, स्वतःची आठ चाकं दोरखंडानं बांधून घेऊन.
लाईनमनचा पोरगा पुढं, बांबूनं तारा उचलत.
बोडीवरून, धानाच्या बांध्यांमधून
तो निघाला तेव्हा
जुन्या स्टेशनाजवळ सवयीनं थांबेल असं वाटलं.
थांबला नाही.
रस्ता तिकडून जातच नाही.

परवा साहेबांचं पत्र आलं :
नवी फळी बसवली, हुबेहूब.
अक्षरंही रंगवली.
पाहुणे त्यावर बसून फोटो काढतात.
बरं झालं.

कडीचं सांगायचं राहिलं.
ती माझ्याच दाराला होती.
ती मात्र मी दिली, घासून, चकचकीत करून.
तेव्हापासून दार सुतळीनं बांधतो
आणि झिबलची शेळी
रोज दुपारी ती सोडून आत येते.